खंडोजीरावांचा शेवटचा आरसा

खंडोजीरावांना काच कळायची, पण दुसऱ्याचं म्हणणं कळायचं नाही. हे मी चिडूनच लिहितोय, कारण त्यांचा हट्ट मी शेजारच्या टेबलावर बसून बत्तीस वर्षं सोसला. म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या आमच्या कारखान्यात ते मोठ्या दुर्बिणींचे आरसे घासून द्यायचे. पूर्वज रंगारी, हात भारी हलका. निवृत्तीआधीचा हा शेवटचा आरसा, मीटरभर रुंद. तो निर्दोष जावा, एवढंच त्यांना हवं होतं.

असा आरसा अठरा लहान गाद्यांवर टेकतो. गाद्यांखाली तरफा असतात आणि तरफांचे सांधे मोकळे हलले, तरच वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. हा आधार विद्याश्रीने आखला होता, आमच्यासारख्याच मराठी घरातली तरुण इंजिनिअर. दसऱ्याच्या आयुधपूजेला खंडोजीरावांनी एकेका सांध्याला गंधकुंकू लावलं, काचेच्या काठावर पूर्वेला खूण केली आणि आरसा बसवला.

चाचणीत ताऱ्याचा ठिपका गोल यायला हवा, तो आला उभा लांबुडका. विद्याश्री म्हणाली, आरसा पाव फेरा फिरवून बघू. ठिपका सोबत फिरला तर दोष काचेत, नाही फिरला तर माझ्या आधारात. इतकी साधी गोष्ट, पण खंडोजीराव हट्टाला पेटले.

“पूजा करून बसवलेली काच फिरवायची नाही. दोष माझा, मीच काढतो. आयतु? झालं मग.”

तीन महिने तेच चाललं. काच उतरवायची, घासायची, खूण जुळवून परत बसवायची. त्यांचा डबा न उघडता घरी जायचा. अखेर ठिपका गोल आला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

पाठवणीआधी विद्याश्रीने आधार खोलून पुसला. एका सांध्यात गंध वाळून दगड झालं होतं, सांधा जागचा हलत नव्हता. तिने तो साफ करून पुन्हा चाचणी घेतली. ठिपका परत लांबुडका, या वेळी आडवा. मी कपाळावर हात मारून घेतला.

आता खंडोजीरावांनीच आरसा फिरवायला सांगितलं. ठिपका काचेबरोबर फिरला. आखडलेल्या सांध्याचा दोष झाकायला त्यांनी नकळत चांगली काच घासून बिघडवली होती. मला भारी संताप आला.

संध्याकाळी मी त्यांना हूटगळ्ळीला घरी सोडलं. संपलं का काम, असं भानुमतीवहिनींनी दारातच विचारलं. ते चपला न काढता पायरीवर बसले.

“दसऱ्यालाच संपलं होतं गं,” ते बायकोला म्हणाले. “मलाच गोत्तागलिल्ला. कळलंच नाही.”