बसून केलेला सलाम

जगात न हलणाऱ्या दोनच गोष्टी मी पाहिल्या. एक दौलताबादचा किल्ला आणि दुसरी, आत एखादं पोर उभं असताना आमच्या मामूंची मोटार. निजामाच्या राज्यात, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, औरंगाबादच्या आमच्या शाळेनं आसपासच्या गावांतली मुलं आणायला एक मोटार ठेवली होती. पेट्रोल मिळत नसे म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चाले. म्हणजे चढावर दमे आणि उतारावर शिंके. मामू तिचे ड्रायव्हर. नात्यानं कुणाचेच नाहीत, पण हर्सूलच्या पलीकडून शहरापर्यंत सगळ्यांचे मामू. अक्षरओळख शून्य, कायदे मात्र हायकोर्टाला पुरतील एवढे.

चढताना रांग. दप्तर मांडीवर. हात, डोकं, वेणी, यांतलं काही खिडकीबाहेर काढायचं नाही. "वेणी बी नक्को का मामू?" असं एका मुलीनं विचारलं तर म्हणाले, "वेणी जिधर गयी, मुंडी बी उधरच जाती, बिटिया." उतरल्यावर मोटारीसमोरून पळायचं नाही, आधी मामू खाली उतरणार, रस्त्यात हात पसरून उभे राहणार, मगच आम्ही पलीकडे जाणार. एकदा त्यांनी अशी अख्खी वरात थोपवली. घोड्यावरचा नवरदेव घामाघूम, वऱ्हाडी चिडलेले. मामू शांतपणे म्हणाले, "नवरदेवाचा सगळा जनम पडलाय पुढं. पोरींची घंटा आत्ता व्हायलीय." वाजंत्रीवाले तेवढे लई खूश, त्यांना बिडी ओढायला सवड मिळाली.

पण सगळ्यांत मोठा कायदा अमानतीचा, म्हणजे सांभाळायला दिलेल्या ठेवीचा. प्रत्येक मोठ्या मुलाला एक लहान मूल वाटून दिलेलं असे. "ये तेरी अमानत, संभाल," म्हणत ते एकेक इवलं मनगट आमच्या हातात द्यायचे. लहानग्यानं खोडी केली की बोलणी मोठ्यानं खायची. माझ्या वाट्याला आली पाटलांची सोनी. बसणं ही तिला शिक्षा वाटे, त्यामुळं माझा जीव सदा तिच्या परकरात अडकलेला.

या कायद्यांनीच एकदा घात केला. मोठं माणूस आलं की उठून सलाम करायचा, हा त्या राज्यातला अदब. एके सकाळी गावचे देशमुख आमच्या मोटारीत चढले आणि एकही पोर उठलं नाही, कारण मोटारीत उठायचं नाही. देशमुखांनी थेट वर अर्ज धाडला की या मोटारीनं मुलं बेअदब झाली, ती बंद करा. चौकशीला तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब स्वतः आमच्या मोटारीतून येणार असं ठरलं. माझे वडील म्हणाले, "मोटार बंद झाली तर तुझी शाळा बंद. पोरीला इतकं लांब पायी धाडणार नाय मी."

हेडमास्तरांनी बजावलं होतं, साहेब चढले की उठून सलाम करा. मामूंनी बजावलं होतं, आभाळ चढलं तरी बसून राहा. साहेब चढले, शेरवानी, हातात छडी. अर्धी मुलं उठली, अर्धी बसून राहिली आणि काही मधेच, गुडघे वाकवून लटकली. मामूंनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"चलाते क्यों नहीं?" साहेबांनी विचारलं.

"सब बैठे तो चलती, हुजूर."

सोनी बाकावर चढून दोन्ही हातांनी सलाम ठोकत होती. मामूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग मी तिला परकराला धरून खाली ओढलं आणि आम्ही दोघींनी बसूनच सलाम केला. आमचं पाहून एकेक करत सगळे बसले. उभे राहिले ते फक्त साहेब, आणि मोटार काही हलेना.

"मोटारीत आमची पोरं बूड टेकून अदब करतात," मामू हळूच म्हणाले. "हुजूर बी तशरीफ रखें तो..."

साहेब बसले, ते नेमके माझ्या शेजारी, खिडकीपाशी. मोटार निघाली. थोड्या वेळानं त्यांनी सवयीनं कोपर खिडकीबाहेर टाकलं आणि मोटार पुन्हा थांबली. बोलली ती सोनी, "साहेब, हात." मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा कोपर आत होतं, मोटार चालू लागली होती आणि समोर शहराचा दरवाजा आला होता. त्याच्या कमानीतून आमची मोटार एरवी चार बोटं राखून जाई. त्या दिवशी एका अंगाला बैलगाडी उभी, म्हणून आमच्या बाजूला बोटभरही जागा राहिली नाही. दगड खिडकीला खरडत गेला, रंगाची एक खपली उडून साहेबांच्या शेरवानीवर पडली. साहेबांनी दुसऱ्या हातानं आपलं कोपर चाचपून पाहिलं.

शाळा आली तरी ते उठले नाहीत. मोटार पुरती थांबेपर्यंत छडी दप्तरासारखी मांडीवर धरून बसले, मग आमच्या मागं रांगेनं उतरले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "बच्चे बाअदब हैं. मोटार चलेगी." आम्ही असा गलका केला की छपरावरची कबुतरं उडाली. मामूंनी फक्त टोपी सारखी केली. पुढं देशमुखही कधी चढले, तर आधी बसायचे आणि मग आमचे सलाम घ्यायचे.

मोटार चालली म्हणून माझी शाळा आणखी दोन वर्षं चालली. मग वडील गेले, शाळा सुटली आणि लग्न होऊन मी इतक्या लांब कोकणात आले की औरंगाबाद कुठल्या दिशेला हे इथं कुणाला सांगता येत नाही. पण त्या दोन वर्षांत मला जोडाक्षरं आली, पत्र लिहिता येऊ लागलं. इथून आईला लिहिलं, सोनीला लिहिलं. एकदा मामूंनाही लिहायला घेतलं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतील म्हटलं. चांगलं दीड पान झालं. पाकीट हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं, त्यांचं नाव आम्ही कधी विचारलंच नव्हतं.