मचाणावरचा फिर्यादी

ती फिर्याद आजही आठवली की आधी हसू येते आणि मग स्वतःची थोडी लाजही वाटते. तेव्हा मी मोहर्लीकडच्या जंगलपट्ट्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी चालू असताना निनावी फोन आला. एका बाईने नवऱ्याला शेतातल्या मचाणावर डांबले आहे, शिडी काढून घेतली आहे आणि जेवणाचा डबा दोरीने वर पाठवते, अशी खबर होती. "बिचाऱ्याले लवकर सोडवा," असेही फोनवाला कळवळून म्हणाला.

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराला, म्हणजे आमच्या रायटरला, घेऊन मी निघालो. रानडुकरे हाकलायला बांधलेल्या मचाणावर एक तरुण चादर गुंडाळून कुडकुडत होता. सफारीची जिप्सी चालवणारा होता तो. खाली त्याची बायको धान कापत होती, शिडी तिच्या मागे आडवी पडलेली.

"बाई, याला डांबून ठेवलं का?"

"हो, ठेवलं," ती विळा न थांबवता म्हणाली. "गर्द ओढते तो. सोडाचं आहे म्हणे. मी कितीबी रडलो तरी शिडी लावू नको, असं त्यानंच सांगतलं."

"खोटं आहे साहेब," वरून आवाज आला. "हिले अटक करा, मले उतरवा."

रायटरने जबाब लिहायला घेतला. एक ओळ होते न होते तोच वरून, "खोडा साहेब. मीच सांगतलं होतं. हे जेलात गेली तं मी मेलोच." रायटरने खोडले. थोड्या वेळाने पुन्हा, "नाई, अटकच करा." असे बराच वेळ चालले. शेवटी रायटर वैतागला, "साहेब, हा फिर्यादी आहे का आरोपी, तेवढं ठरवून द्या."

मला मात्र तो फोन खटकत होता. "तुझी एवढी काळजी गावात कोणाला रे?"

त्याने विचार केला. "कोणालेच नाई. पुऱ्या गावानं माह्यावर पाणी सोडलं. आता काळजी करन तं माल देणाराच करन. त्याचं गिऱ्हाईक वर येऊन बसलं न."

बांधावर बघे जमले होते. त्यातला एक पानठेलेवाला मघापासून पुढे पुढे करत होता. आता तर तो स्वतःच शिडी उचलायला लागला. राजपत्रित अधिकाऱ्याला बोलावून पंचांसमोर त्याची रीतसर झडती घेतली, तर खिशात गर्दच्या पुड्या. उतरल्या उतरल्या गिऱ्हाईक हाती लागावे म्हणून माल घेऊनच आला होता. दरडावल्यावर फोनही त्यानेच केल्याचे कबूल केले. इतका कामसू खबऱ्या मला पुन्हा लाभला नाही.

तरुणाला उतरवले तेव्हा मात्र हसू मावळले. त्याला धड उभेही राहवत नव्हते. दोघांना जिल्हा रुग्णालयात नेले. तिथले डॉक्टर म्हणाले, "बाई, नुसतं कोंडून हे सुटत नाही. औषध लागतं, आणि वेळ लागतो."

ती तिथेच बसली आणि रडू लागली. "याच्यासाठी दवाखाना असते, हे मले कोणी सांगतलंच नाई जी. मले वाटे, मीच मारून राह्यली त्याले."

उपचार लागू पडले. तो पुन्हा गाडी चालवू लागला. मग काही महिन्यांनी एका दुपारी ठाण्यात येऊन मान खाली घालून म्हणाला, "साहेब, काल घसरलो. डॉक्टरले फोन लावता का?"

मला रागच आला. "बायकोला काय तोंड दाखवशील?"

"तिनंच आणलं. बाहेर उभी आहे. चाल म्हणे, अजून एक डाव."

मी फोन लावला. माणसाला सुधारायची एक संधी द्यावी, असे मी नोकरीभर अभिमानाने म्हणत आलो होतो. त्या बाईने संधी मोजल्याच नव्हत्या.