बसप्पांची दाढ आणि परमुलखातला गहू

परळीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मालावरून भांडण पेटलं, की दोन्ही बाजू बसप्पांच्या ओट्यावर यायच्या. बसप्पा दोन दाणे डाव्या दाढेखाली घ्यायचे, डोळे मिटून कट्कन फोडायचे आणि गाव, जमीन, पाणी असं सगळं सांगून मोकळे व्हायचे. यंत्र नाही, तंत्र नाही, नुसती दाढ! अडचण एवढीच, की पाडव्यापासून ती हलायला लागली होती.

"उपटून टाका की एकदाची," त्यांची बायको उमाबाई रोज म्हणायच्या.

"दाढ गेल्यावर मोंढ्यात जाऊन काय माशा मारू?"

ते सत्त्याण्णव साल होतं. परदेशी गव्हाच्या वाघिणी परळी स्टेशनात लागल्या होत्या. त्यातला सांडलेला मूठभर गहू मैनुद्दीन मेकॅनिकनं रुमालात बांधून आणला आणि साळसूदपणे बसप्पांपुढे धरला. मोंढा जमला. बसप्पांनी दाणा फोडला.

"चकलांब्याचा. ओंबी भरायच्या टायमाला पानी न्हाई मिळालं, वरून गरम वारं सुटलं. शेताच्या धन्यानं लई हाय खाल्ली असंल."

गर्दीत चकलांब्याचे सुंदरराव होतेच. ते उसळले, "औंदा आमच्याकडं गहू पेरलाय कुनी? कापूस हाय समदा!"

"आप्पा, ह्यो ऑस्ट्रेलियाचा हाय," मैनुद्दीन म्हणाला, आणि मोंढा पोट धरून हसला.

त्या दिवसापासून बसप्पांचं नावच 'ऑस्ट्रेलिया' पडलं. पहिला चहा त्यांच्याकडे यायचा, तो शेवटी यायला लागला, तोही गार. पुढची दोन भांडणं लोकांनी आपापसात मिटवली. बसप्पांना ते फार लागलं. आठव्या दिवशी ते घरी येऊन म्हणाले, "चला. काढून टाकू." रोज हेच मागणाऱ्या उमाबाईंना त्या दिवशी मात्र जेवण गेलं नाही.

दातांच्या डॉक्टरांनी बसप्पांना खुर्चीत बसवलं. पक्कड हातात घेतली, तेवढ्यात मैनुद्दीन ग्रीसच्या हातांनीच पेपर नाचवत आत घुसला. मागे सुंदरराव.

"आप्पा, थांबा! पेपरात आलंय. ऑस्ट्रेलियात ऐन ओंबी भरताना पाऊस दडी मारून बसला, गरम वाऱ्यानं दाना वाळला. पीक बुडालं. जहाजं कमी येनार. मोंढ्यात सकाळपास्नं गहू भडकलाय!"

"त्यांचा पाऊस गेला तर हितला भाव कावून वाढतो?" सुंदररावांना ते काही पटेना.

"जहाज आलं न्हाई, तर गिऱ्हाईक आपल्याच पोत्याकडं येनार की," मैनुद्दीन म्हणाला. "आप्पा, गाव तेवढं चुकलं तुमचं. बाकी समदं बराबर! मोंढा वाट बघतोय. पुढं काय व्हनार, ते दाढेला इचारा म्हनतेत."

आठ दिवसांनी बसप्पांची मान वर झाली. कोणालाही वाटलं असतं, आता गडी मिशीला पीळ भरणार. पण ते गालावर हात ठेवून म्हणाले, "धन्याचं काय झालं? लिव्हलंय का?"

मैनुद्दीननं पान उलटलं, सुलटलं. सुंदररावही वाकून बघायला लागले.

"न्हाई आप्पा. भाव तेवढा लिव्हलाय."

बसप्पा खुर्चीतून उतरले.

"मंग ऱ्हाऊ द्या डॉक्टर. पेपरात येत न्हाई ते सांगाया एक दाढ तरी पायजे."

उमाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. "घरी चला. भाकर दुधात कुस्करून देते."