विराजचं जावळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मनीषाला नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हा मनातल्या मनातही नाही. मग तुम्हालाच का? ओळख ना पाळख — कदाचित म्हणूनच. आणि खरं सांगू, आता थकलोय. चांगला माणूस म्हणून वावरायचाही शीण येतो.

आमच्या महाळुंगे पडवळमध्ये मला लोक धीराचा माणूस म्हणतात. कळंबच्या रस्त्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं की मोटार नसली तरी लोक येतात. ‘याला विचारा, यानं तान्ह्या पोराच्या डोक्याचं ऑपरेशन निभावलंय.’ मी चहा मागवतो, मान हलवतो, चार शब्द सांगतो. ते उठून जातात तेव्हा त्यांचे खांदे जरा सरळ झालेले असतात. आणि मी — बरं, तिथे येतोच. जरा दमानं घेऊ द्या.

विराज आमचा पहिला. रांगायच्या वयाचा झाला तरी त्याला मान सावरेना. रोज सकाळी उलटी. आई म्हणायची, दात येतायत. मीही म्हणायचो, दात येतायत. दुकान बंद करून दवाखान्यात जायचा कंटाळा, दुसरं काय? शेवटी त्याला तेल लावताना मनीषानंच माझा हात धरून त्याच्या डोक्यावर ठेवला. ‘अहो, ही टाळू बघा की. तेल जिरायला खळगा पाहिजे, तितं फुगवटा हाय.’

नारायणगावच्या डॉक्टरांनी बघताक्षणी पुण्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात त्याला भूल देऊन मशीनमध्ये घातलं. मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ होती आणि तिच्यामुळे आत पाणी तुंबत होतं. डॉक्टरांनी चित्र काढून नीट समजावलं. मी त्या चित्राकडे बघत मोटारीचा विचार करत होतो. मोटारीचं बरं असतं, जळालेली तार काढून टाकायची आणि नवी भरायची.

मग ते वॉर्डातले दिवस. आधी पाणी काढायला नळी बसवली. मग त्याला ताप आला. मग ऑपरेशन पुढे गेलं, पुन्हा पुढे गेलं. मनीषा त्याच्या खाटेला चिकटून, मी जिन्याखाली चटईवर. ती कधी दमले म्हणाली नाही. मी मात्र दमलो होतो — पायांनी नाही, मनानं. एकदा आत विराज रडत होता आणि मी दाराबाहेर उभा राहून ते रडणं थांबायची वाट बघितली. आत गेलो नाही. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, कुठलाही बाप दमतो. थांबा. अजून सांगितलेलं नाही.

आमच्याकडे पोराचं पहिलं जावळ असं कुठेही काढत नाहीत. कुलदैवताला जायचं, पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं, आत्यानं ते केस पदरात झेलायचे आणि मग नदीला सोडायचे. विराजचं जावळ दाट, काळंभोर, कानांवर आलेलं. ओतूरचा त्याचा मामा फोनवर माझी थट्टा करायचा — ‘दाजी, जावळाचं कवा धरताय? मांडी मोकळीच ठिवलीय मी.’ पण ऑपरेशन म्हटल्यावर डोकं भादरणं आलंच. मनीषानं सिस्टरांपुढे हात जोडले, केस तेवढे टाकू नका म्हणून. सिस्टर भली बाई. तिनं ते गॉजमध्ये गुंडाळून, लहानशा पिशवीत घालून आणून दिले. मनीषानं पिशवी माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून तळहात दाबून धरला.

‘हे आता तुमच्यापाशी,’ ती म्हणाली. ‘घरी आला की समदे मिळून देवाला जाऊ.’

विराजला आत नेलं. मनीषा दारासमोरच्या बाकावर बसली ती हललीच नाही. दुपारी एक तरुण डॉक्टर बाहेर आला. रक्त खूप गेलंय, म्हणाला, आम्ही प्रयत्न करतोय, पण काही सांगता येत नाही. मनीषा नुसतं ‘बरं’ म्हणाली. मी जिना उतरून दवाखान्यासमोरच्या टपरीवर गेलो आणि चहा घेतला. सुट्टे काढायला हात खिशात घातला, तर ती पिशवी हाताला लागली.

ती मी काढली आणि टपरीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

हातून पडली नाही. रागानं भिरकावली नाही. रडतही नव्हतो. चहा संपल्यावर कप टाकावा तशी टाकली, आणि मग कपही टाकला. ती कशासाठी जपायची? देवाला कुणाला न्यायचं? माझ्यापुरतं पोर गेलेलं होतं. वर टेबलावर ते अजून श्वास घेत होतं, बाहेर त्याची आई बसली होती, आणि मी खाली उभा राहून त्याला सोडून दिलं होतं.

एवढंच असतं तरी मी कदाचित स्वतःला समजावलं असतं. पण खरं आहे ते असं — मला बरं वाटलं. लिहिलं एकदाचं. मला बरं वाटलं. उद्या घरी जाऊ, कढत पाण्यानं आंघोळ करू, आपल्या अंथरुणात पडू. माझ्या लेकराचं डोकं उघडून ठेवलेलं होतं आणि मी अंथरुणाचा विचार करत होतो.

दिवस कलल्यावर मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. गाठ बहुतेक सगळी निघाली होती. पोर श्वास घेत होतं. मनीषानं माझ्या छातीवर डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांचं रडून घेतलं, त्याच रिकाम्या खिशावर. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? — म्हणजे हे अजून संपलेलं नाही. आनंद आला, खोटं कशाला बोलू, पोटातून आला. पण तो दुसरा आला.

मग मी धावत खाली गेलो. डबा रिकामा झाला होता.

मनीषाला सांगितलं, जावळ गावी पाठवलंय, देव्हाऱ्यात ठेवायला. सुट्टी मिळायच्या आदल्या दिवशी घर झाडून घ्यायच्या निमित्तानं मी पुढे आलो. आमच्या शेळीनं नुकतंच काळं करडू दिलं होतं. दुकानातली कात्री घेतली आणि त्याच्या मानेखालचे मऊ केस कापले. डेटॉलच्या पाण्यात बुडवून वाळवले, गॉजमध्ये बांधले. करडू निवांत उभं होतं, माझी बोटं चाटत.

मनीषानं घरात पाऊल ठेवलं, विराजला आईच्या मांडीवर दिलं आणि आधी देव्हाऱ्याकडे गेली. गॉज उघडून नाकाशी नेलं.

‘दवाखान्याचा वास येतोय,’ म्हणाली. ‘पण खालनं त्याचाबी येतोय बघा, दुधाचा.’ आणि तिनं ते माझ्या नाकाशी धरलं. मी वास घेतला. व्हय, येतोय, म्हणालो.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर आम्ही देवाला गेलो. मामानं विराजला मांडीवर घेतलं. त्याच्या डोक्यावर मागे उभा व्रण, भोवती खुरटे केस. न्हाव्यानं त्यातली एक बट शास्त्रापुरती कापली, मनीषानं गॉजमधलं त्यात मिसळलं, माझ्या बहिणीनं पदर पसरला. घोडनदीला सोडताना बहीण माझ्या गळ्यात पडली. ‘भाऊ, लई सोसलंस रं तू,’ म्हणाली. देवाला फसवलं म्हणून मला भीती वाटली का? नाही वाटली. मनीषा पाण्यात उभी राहून हात जोडत होती, तिच्याकडे बघवेना. तिला कधी संशय आला असेल का? नसावा. तिच्या पोटात काही राहत नाही, आला असता तर बोलली असती. उलट ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, यांनी धीर सोडला न्हाई म्हणून पोरगं हाती लागलं.

विराज आता अंगणवाडीत जातो. चालताना एका अंगाला झुकतो, एक डोळा तिरका आहे, बोलतो मात्र अखंड. दर वर्षी त्याला तपासणीला न्यावं लागतं. माझा जीव आहे त्याच्यावर. हे मी स्वतःच्या बाजूनं म्हणून सांगत नाही. जीव आहे, आणि ते केसही मीच टाकले.

हे सगळं मी तसंच पोटात घेऊन गेलो असतो. पण मागच्या महिन्यात अवसरी खुर्दचा एक पोरगेला बाप दुकानात आला. त्याची मुलगी काही महिन्यांची, तिलाही मेंदूत गाठ, ऑपरेशनची तारीख मिळालेली. मी नेहमीचे चार शब्द सांगितले. तो ऐकत होता पण ऐकत नव्हता. मग दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून स्टूल पुढे ओढलं.

‘भाऊ, येक इचारू? राग नका मानू,’ तो म्हणाला. ‘तुमाला कवा असं... म्हंजी, सुटावं येकदाचं, असं वाटलं व्हतं का?’

त्याला हे बायकोला विचारता येत नव्हतं, आईला विचारता येत नव्हतं. म्हणून तो गाडी काढून एका परक्या माणसाकडे आला होता. आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. त्याच्या जिवाला केवढा थारा मिळाला असता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘बापाला असं वाटंलच कसं?’

त्याचा चेहरा उतरला, तो मी नीट पाहिला. ‘व्हय, बराबर हाय,’ तो घाईनं म्हणाला. ‘मलाबी न्हाई वाटत. आपलं सहज इचारलं.’ अर्धा चहा तसाच ठेवून उठला.

त्याच्या मुलीचं ऑपरेशन एव्हाना होऊन गेलं असेल. जाताना त्यानं नंबर दिला होता. मी फोन केलेला नाही.