बेरिंगसाठी अण्णांनी फिरवलेला शब्द

श्री. भूपाल मगदूम यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझ्या क्रँकशाफ्टला सावलीत बसवले आणि मला चहा दिला. दोन्ही गोष्टींचा मला राग आला. आटपाडीहून टेंपोत क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, घालून मी सांगलीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये आलो होतो. माप माझे मीच घेतले होते. कुठल्याही संस्थेची पायरी न चढता इंजिन शिकलेला माणूस आपल्या मापाबद्दल फार हळवा असतो. मी म्हणालो, "अण्णा, माप तयार हाय. मशीनवर चढवा फकस्त."

अण्णांनी क्रँकला हाताची मागची बाजू लावून पाहिली. "आवं, उनातनं आलंय ते. लोखंड फुगलंय. निवू दे, मग बघू. तवर च्या घ्या."

क्रँक निवल्यावर त्यांनी मायक्रोमीटर लावला. मी माप घेतले होते ते पहाटेच्या गारव्यात, क्रँक रात्रभर घरात ठेवून. दोघांची मापे तंतोतंत जुळली. अण्णांनी शाबासकी दिली नाही. क्रँक घासायच्या मशीनवरच्या रफीकभाईंना हाक मारून एवढेच म्हणाले, "रफीकभाई, ह्यांचं माप धरून लावा." अण्णा दुसऱ्याचे माप धरून मशीन लावायला सांगतात, याचा अर्थ त्यांनी त्या माणसाला कारागीर मानले, हे मला पुढे त्यांच्याकडे येणाऱ्या मेकॅनिकांनी सांगितले. तेव्हापासून मी अण्णांचा 'आटपाडीकर' झालो. आज साताऱ्यात माझे स्वतःचे गॅरेज आहे, तरी सांगलीच्या त्या वर्कशॉपमध्ये मी आटपाडीकरच आहे.

अण्णांच्या अमृतमहोत्सवी अंकात त्यांच्या घराण्याविषयी आणि समाजकार्याविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी इंजिन बांधणारा, त्यामुळे इंजिनाच्या पोटातले लिहितो.

अण्णांची कामाची एक रीत आहे. कुठलेही इंजिन उघडले की त्यातली जुनी बेरिंगे ते धुऊन पांढऱ्या कापडावर क्रमाने मांडतात. ज्यांनी इंजिन उघडलेले पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रँक ज्यात फिरतो ती बेरिंगे म्हणजे पातळ पत्र्याच्या अर्ध्या बांगड्या. वरची अर्धी, खालची अर्धी. धातूवर धातू घासू नये म्हणून क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये तेलाचा पडदा असतो, आणि तो पडदा टिकावा इतकीच फट. अण्णांच्या कापडावर कुठल्या सिलिंडरचे बेरिंग, वरचे की खालचे, यात अदलाबदल चालत नाही. आणि कापडावर मांडणी पुरी होईपर्यंत नवे कोणते घालायचे यावर वर्कशॉपमध्ये कोणी मत द्यायचे नाही. गाडीमालकानेसुद्धा. मांडून झाले की मालकाच्या हातात एकेक बेरिंग देऊन त्याच्याच नखाने ते चाचपायला लावतात. "तुमची गाडी हाय, तुमाला कळाय नगं?" हा त्यांचा सवाल असतो.

त्यांची माया पण अशीच मापाची. साताऱ्यात माझे गॅरेज उघडले त्या दिवशी सगळ्यांनी हार-नारळ आणले. अण्णा आले ते थेट आतल्या खोलीत गेले, जिथे मी इंजिने जुळवणार होतो. भिंतीवरून बोट फिरवले, बोट मला दाखवले आणि म्हणाले, "घासायचं मशीन ह्याच खोलीत ठेवलंय व्हय? त्याची धूळ बेरिंगात जाणार. आदी ते भायेर काढा, मग पेढा खाईन." पाहुणे खोळंबले, मशीन बाहेर गेले, मग अण्णांनी पेढा खाल्ला. त्या खोलीत आजतागायत घासायचे मशीन आलेले नाही. मला मिळालेली ही सर्वात मोलाची भेट.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

सुधारलेल्या, म्हणजे टर्बो बसवून वा इतर फेरफार करून ताकद वाढवलेल्या गाडीत बेरिंग कंपनीचे घालावे की बाहेरचे, रेसिंगसाठी बनवलेले, हा आमच्या धंद्यातला कायमचा वाद. मिरजेपासून कराडपर्यंत हा वाद मिटायचा तो एकाच वाक्यावर: 'अण्णा म्हंत्यात कंपनीचंच.' अण्णांनी तो शब्द चारचौघांत दिला होता आणि वर्षानुवर्षे पाळला होता. त्यामागे कारणही पक्के होते. कंपनीचे बेरिंग मऊ असते. तेलातून आलेला धुळीचा कण ते आपल्या अंगात रुतवून घेते आणि क्रँक वाचवते. बाहेरचे बेरिंग जोर जास्त सोसते, पण कण गिळत नाही. कण फिरत राहतो आणि क्रँकवर ओरखडे काढतो. रोज रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत डब्यावरचे नाव बघून बाहेरची बेरिंगे घालणाऱ्यांना अण्णांनी तोंडावर सुनावले आहे. इस्लामपूरचे तानाजीराव त्यातले एक. ते हे हसत सांगतात, म्हणून मीही लिहितो.

अशात जतच्या शुभांगीताई गाडी घेऊन माझ्याकडे आल्या. ताई शाळेत खेळाच्या शिक्षिका आहेत आणि मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत गाडी चालवतात. हीच गाडी त्यांना शाळेत नेते आणि हीच शर्यतीला. टर्बो मीच बसवला होता, इंधन आणि ठिणगीची जुळणी माझीच होती. पण दुसऱ्यांदा त्यांच्या इंजिनातून खडखड आवाज येत होता. पहिल्या वेळी दुसऱ्या एका ठिकाणी क्रँक घासून कंपनीची बेरिंगे घातली होती. आता क्रँक शेवटच्या मापावर आला होता. आणखी घासायला त्यात धातू उरला नव्हता. गाडी जुनी, नवा क्रँक कुठे मिळत नव्हता. या वेळचे बेरिंग चुकले तर क्रँक जाणार, आणि क्रँक गेला की शर्यत संपली. ताई तसे बोलून गेल्या. "दुसरी गाडी उभी करायची ताकत न्हाई माजी. ही गेली की मी घरी."

ओळखीतल्या कुणी तरी त्यांना रेसिंग बेरिंगचा डबा आणून दिला होता. तो घेऊन आम्ही सांगलीला गेलो. वाटेत मी त्यांना बजावले, "ताई, डबा पिशवीतच ठेवा. अण्णा कापड हातरल्याबिगर बघायचे न्हाईत." मीही मनाने कंपनीच्याच बाजूचा होतो आणि तसे त्यांना सांगितलेही होते.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये तानाजीराव आणि आणखी चारसहा मेकॅनिक होते. ताईंची गाडी त्या भागात सगळ्यांना ठाऊक; इंजिन उघडताना सगळे भोवती जमले. अण्णांनी बेरिंगे मांडली. मग ताईंना बोलावून आधी मधली, क्रँकला तोलणारी मेन बेरिंगे हातात दिली.

"नख फिरवा. काय लागतंय?"

"बारीक बारीक खडं, अण्णा."

"ही तुमच्या जतची माती. बेरिंगानं गिळलीया. आन क्रँक बगा, आरशागत हाय." मग पिस्टनच्या दांड्याची, बिग एंडची बेरिंगे घेतली. वरच्या अर्ध्या भागांवर ते बराच वेळ थांबले. पिस्टनवर स्फोटाचा अवेळी ठोका बसत असेल तर मार इथे दिसतो. "आटपाडीकर, हिकडं मार न्हाई. तुमची जुळणी सोळा आणे हाय." मी मान वर करून सगळ्यांकडे एकदा पाहिले.

मग खालचे अर्धे. त्यांचा थर चिरडून सोलून निघाला होता, चारही ठिकाणी, सारखाच. अण्णांनी विचारले, "ताई, वळणातनं भायेर पडताना गिअर बदलत न्हाई तुमी?"

"न्हाई. दुसऱ्यातच ताणते पार. हात स्टेअरिंगवरनं काढला की गाडी फिरती."

"तेच म्हंतोय. इंजिन किंचाळतंय तवा पिस्टन वर जाऊन दांड्याला वडतोय. ती वड खालच्या अर्ध्यावर येती. हे कंपनीच्या बेरिंगाचं काम न्हवंच."

पुढचे वाक्य काय असणार ते सगळ्यांना दिसत होते. रफीकभाईंनी मशीन बंद केले. अण्णांनी कापडावरचे एक बेरिंग उचलून पुन्हा उजेडात धरले, खाली ठेवले आणि म्हणाले, "मेनला कंपनीचंच. बिग एंडला भायेरचं. ताई, पिशवीत डबा हाय न्हवं? काडा."

तानाजीराव कशाला संधी सोडतात. "अण्णा, मग आमाला कशापायी शिव्या घातल्या हो?"

"तानाजीराव, तुमची गाडी लग्नाची वरात न्हेती. नवरदेव हाय म्हणून हळू चालती. तिला तवाबी कंपनीचंच पायजे हुतं, आजबी तेच पायजे."

हशा ओसरल्यावर तानाजीरावांनी गंभीरपणे विचारले, "पर लोक म्हणतील, अण्णांनी शब्द फिरवला."

"म्हणू द्या. मी शब्द दिलाता तो इंजिनासाटनं. इंजिन दुसरं सांगाय लागल्यावर शब्द धरून काय करू? ह्या बाईचा क्रँक घालवू?"

अण्णांचे मोठेपण सांगायला माझ्याकडे ह्याहून मोठे उदाहरण नाही. ज्याचा शब्द चालतो, त्याला तो बदलणे सर्वात जड जाते. अण्णांनी तो ज्यांना सुनावले होते त्यांच्यासमोर बदलला, आणि दबक्या आवाजात बदलला नाही.

काम मात्र तिथे संपले नाही. बाहेरची बेरिंगे बसवून माप घेतल्यावर फट पाहिजे त्याहून किंचित कमी भरली. क्रँक घासता येत नव्हता. तिथल्या एकाने सुचवले, बेरिंगच जरा खरवडू. अण्णांनी त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याच बनावटीच्या, किंचित सैल बसणाऱ्या बेरिंगांचा दुसरा डबा मी मागवला. तो पूर्ण घातला तर फट जास्त होत होती. आपल्याकडे अशा वेळी जाड ऑइल ओतून मोकळे होतात. अण्णांनी वरचा अर्धा एका डब्यातला, खालचा दुसऱ्या डब्यातला असे बसवले आणि फट नेमकी मिळवली. ही युक्ती मला माहीत होती. पण प्रत्येक जोडी बसवून, उतरवून, निवू देऊन पुन्हा मोजण्याचा त्यांचा धीर मला आजही पूर्ण आलेला नाही. सगळे होईपर्यंत अण्णांच्या पत्नी, सौ. काकू, यांनी आम्हा सर्वांना भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. दिवस मावळायच्या आत जेवणाचा त्या घरचा नियम पाहुण्यांनाही लागू होतो.

ताईंना अण्णांनी एकच अट घातली. "हे बेरिंग माती गिळत न्हाई. एअर फिल्टरची पेटी घट्ट पायजे, ऑइल लवकर बदलायचं, आन हंगाम सपला की इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर माज्यासमोर उघडायचं. आवाज असू दे, नसू दे."

तो हंगाम ताई पूर्ण धावल्या. त्यांच्या गाडीने किती बक्षिसे आणली ते ताईच सांगतील; माझे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होते आणि त्यात खोट काढता आली नाही. हंगाम संपल्यावर गाडी ठरल्याप्रमाणे सांगलीला आली. अण्णा त्यावेळी नुकतेच आजारातून उठले होते, डॉक्टरांनी वर्कशॉपमध्ये जायला मनाई केली होती. तरी ते खुर्ची घेऊन आले आणि चेंबर उघडेपर्यंत हलले नाहीत. बिग एंडची खालची बेरिंगे मी त्यांच्या तळहातावर ठेवली. थर शाबूत होता. क्रँकवर एकही ओरखडा नव्हता. अण्णांनी नख फिरवले, मग बेरिंगे ताईंच्या हाती दिली, ताईंनीही नख फिरवले.

"हीच परत घाला," अण्णा मला म्हणाले. मग ताईंकडे वळले. "फुडल्या हंगामानंतरबी असंच उघडायचं. मी असलो तर बघीन, न्हाईतर आटपाडीकर हाईतच."

ताईंनी बेरिंगे माझ्याकडे दिली, हात पुसले आणि म्हणाल्या, "असलो तर, हे आमच्यात चालत न्हाई, अण्णा. हंगाम सपल्याच्या फुडच्या रविवारी येते. तुमी खुर्चीवर पायजे."

अण्णा रफीकभाईंना म्हणाले, "त्या रविवारी दुसरं काम घिऊ नगा."

आदरणीय अण्णांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, त्यांच्या नखाची जाण आणि डोळ्यांचे तेज असेच राहो, ही आम्हा सर्व शिष्यांची इच्छा. बाकी ताईंनी दर हंगामानंतरचा रविवार धरून ठेवला आहे, आणि अण्णांनी दिलेला तो शब्द फिरवायला आम्ही त्यांना मोकळीक देणार नाही.