रविवारी सुरू झालेली गिरणी

सुट्टीच्या दिवशी आपण होऊन गिरणीत हजर झालेला सोलापुरातला एकमेव कारकून मीच असेन. तेही बोडक्यानं — डोक्यावर टोपी न घालता! हा किस्सा घरी पाहुणे आले की मीच आधी सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगितला की त्यात मी अनवाणीसुद्धा असतो. पण मी सांगतो तो किस्सा अर्धाच. उरलेला अर्धा आज इथं लिहितोय.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. तिठ्यावर उतरून टाकलेलं लिंबू मी खुशाल ओलांडून जातो. (हिला न सांगता.)

गोष्ट बिहारात मोठा भूकंप झाला त्या वर्षातली, ऐन उन्हाळ्यातली. गिरणीच्या मागं आमची गल्ली. तिथं पूर्वी दगडाची खाण होती. जागेच्या मालकानं ती राख, विटांचे तुकडे, काळी माती — मिळेल ते टाकून बुजवली आणि वर खोल्या बांधल्या. आमची पुढची खोली खाणीच्या काठावर, पक्क्या मुरुमावर होती. स्वयंपाकघर मात्र भरावावर. या दोन्हींच्या मधल्या भिंतीला एक चीर होती. पावसाळ्यात मिटायची, उन्हाळ्यात उघडायची. मी तिच्यात उदबत्ती खोचायचो.

गिरणीचे माग सुरू झाले की अख्खी गल्ली थरथरायची. स्वयंपाकघरातल्या फळीवरची पितळी भांडी दिवसभर किणकिणत राहायची. आम्हांला ते ऐकूही येत नसे. कुणी पाहुणा "हे काय वाजतंय हो?" म्हणाला की मग जाणवायचं. भांडी वाजली की गिरणी चालू, आणि गिरणी चालू म्हणजे मी कामावर — इतकं ते अंगात मुरलेलं.

बिहारात जमीन फाटून वाळू अन् पाणी वर आलं, असं पेपरात आलं तेव्हा ही फार घाबरली होती. मी पेपरची घडी घालत ऐटीत म्हणालो होतो, "अगं, आपला दगडाचा मुलूख. इथली जमीन हलवायला गिरणीच लागते!"

तर त्या रविवारी जेवणं झाली. पुढच्या खोलीत मी आडवा झालो. ही स्वयंपाकघरात, धाकटीला पाळण्यात घालून तिथंच भिंतीशी टेकलेली. माझा डोळा लागला असेल-नसेल, आणि भांडी वाजायला लागली. नेहमीसारखीच. बारीक, एकसारखी किणकिण... मी ताडकन उठलो. उशीर झाला! कोट अडकवला, वहाणा सरकवल्या आणि दार आपटून सुटलो. गल्लीच्या तोंडापाशी पोचलो तर मागनं हाका —

"अहो! अहो, बोडक्यानं कुठं निघालात? कुणी मेलंय का?"

वळून बघतो तर ही. एका हातात माझी काळी टोपी, कडेवर रडणारी धाकटी. दाराच्या आवाजानं ती जागी झालेली. मी म्हणालो, "गिरणी सुरू झाली ना!" आणि पाय उचलला. थांबायला वेळ कुठं होता!

फाटक बंद. पहारेकरी खानसाहेब स्टुलावर बसून पान जमवत होते. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"क्या बाबूजी, आज तो छुट्टी है ना. बाईसाब घर में से निकाल दिये क्या?"

तेवढ्यात बाईसाहेब धापा टाकत तिथं हजर. त्यांना बघून खानसाहेबांनी जीभ चावली. हिनं टोपी पुढं केली... आणि ती माझ्या हातात येण्याआधीच गिरणीच्या आतून घरघर ऐकू आली. फाटकाची साखळी आपोआप हलायला लागली.

"अंदर तो कोई नहीं," खानसाहेब हळूच म्हणाले.

पायाखाली थोडंसं हलल्यासारखं झालं. फाटकापाशी एवढंच. आणि मग आमच्या गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला.

आम्ही धावत परत आलो. पुढची खोली जागच्या जागी होती; खुंटीवरची माझी छत्रीसुद्धा पडली नव्हती. मधली भिंत त्या चिरेपासून तुटून मागं कोसळली होती. स्वयंपाकघराची जमीन हातभर खचलेली. पाळणा विटांखाली होता... त्याची फक्त दोरी दिसत होती. हिनं धाकटीला इतकं आवळून धरलं की ती पुन्हा रडायला लागली.

भरावावरच्या सगळ्याच खोल्यांची ही गत. सुदैवानं उकाड्यामुळं माणसं बाहेर बसली होती. शेजारची भागाबाई, आमच्या भिंतीला तिची भिंत, दारात ज्वारी निवडत बसलेली. तिला विचारलं, आधी भांडी वाजली तेव्हा तुला काही जाणवलं का?

"काय बी न्हाय वाजलं, दादा. मी हितंच हुते की. तुमी दार आपटून पळाला, मला वाटलं भांडान झालं."

दुसऱ्या दिवशी गिरणीचे इंजिनिअर पाहायला आले. त्यांनी नीट समजावलं. हादरा सगळीकडं तोच; पण मुरूम घट्ट, तो थोडा हलतो. पोकळ भराव जास्त हलतो आणि हलता हलता खाली बसतो — मापटं ठोकलं की ज्वारी बसते तसा. अर्धं घर उभं राहिलं, अर्धं खचलं, मग भिंत तुटणारच. माझी उदबत्तीची चीर म्हणजे तीच जागा. आणि आधी वाजलेली भांडी? मोठ्या हादऱ्याआधी कधीकधी बारीकसा येतो, म्हणाले, त्यानं वाजली असतील.

मी मान डोलावली. आदल्या संध्याकाळी काय झालं, ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी आणि शेजारचे दोघं-तिघं विटा उपसत होतो. चेपलेला तवा मिळाला, फळीही मिळाली — सबंध. पण फळीवरची भांडी काही सापडेनात. एवढ्या गोंधळात कुणी नेली की काय, म्हणून मी पुटपुटायला लागलो.

"काय शोधताय?" हिनं विचारलं.

"भांडी. पातेली, गंज, तपेलं..."

"ती सकाळीच कल्हईला दिली की. तुम्ही अंघोळीला होता. फळी मोकळीच होती."

तेवढ्यात कल्हईवाला भांडी घेऊन आलाच. आतून चांदीसारखी लखलखत होती सगळी.

मी विटांच्या ढिगावर बसलो. आज इतकी वर्षं झाली, शिकल्यासवरल्या माणसांना विचारून पाहिलं, मला उत्तर मिळालेलं नाही. त्या संध्याकाळी हिलाच विचारलं होतं, "मग वाजलं काय गं? मला उठवलं कशानं?"

तिनं पाळण्याच्या त्या दोरीकडं एकदा पाहिलं. टोपी दुपारपासून तिच्या मुठीतच होती, पार चुरगळलेली. गुडघ्यावर ठेवून तिनं ती सरळ केली आणि माझ्या डोक्यावर घातली.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "मी तर टोपी द्यायला आले होते."