अस्तरावरचं तळं

माझी मावशी कोट शिवते. दुकानाला पाटी नाही. घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीला लागून लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कागदी नमुने, आणि कोपऱ्यात एक बिनडोक्याचा लाकडी पुतळा. त्याला घरात सगळे जावईबापू म्हणतात, कारण नाक मुरडायला त्याला नाकच नाही.

तिच्या हातात कापड असताना तिला पत्ता विचारू नये, हेही घरात सगळ्यांना माहीत आहे. कोटाचं कापड आखतात ते उलट बाजूने, खडूच्या रेघा बाहेर दिसू नयेत म्हणून. त्यामुळे छातीवरचा डावा खिसा आखायचा तो उजव्या हाताला. जन्मभर हेच केल्याने कापडाला हात लागला की मावशीचं डावं-उजवं आपोआप बदलतं. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाने गल्लीतलं शेवटचं घर विचारलं, तर तिने त्याला भलत्याच टोकाला पाठवलं. तो घाम पुसत परत आला तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "मी बरोबरच सांगितलं होतं. तुम्ही बाहेरून गेलात."

अशी ही मावशी गेल्या हिवाळ्यात कात्री हातात धरेनाशी झाली.

मी गेले तेव्हा टेबलावर राखाडी लोकरीचं एक सुंदर कापड पसरलेलं होतं. मापं घेऊन झाली होती, नमुना वर ठेवून टाचण्याही मारल्या होत्या. पुढच्या खेपेला गेले तरी ते तसंच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच, फक्त धूळ बसू नये म्हणून त्यावर एक चादर टाकलेली.

"गिऱ्हाईक ओरडत नाही का गं?" मी विचारलं.

"ओरडतंय ना. ओरडू दे. कापलेलं कापड परत जोडता येत नाही."

चहा झाल्यावर, कप विसळताना, माझ्याकडे पाठ करून तिने खरं कारण सांगितलं.

काही दिवसांपूर्वी मामा जेवायला आला होता. मामा म्हणजे तिचा मोठा भाऊ. गाडी चालवायला शिकवायचा, आता निवृत्त. बोलता बोलता मावशी त्याला म्हणाली, "दादा, आठवतं? त्या तळ्याकाठच्या घरात सकाळी छतावर पाण्याचा उजेड हलायचा."

"कुठलं तळं?"

"लहानपणी सुट्टीत गेलो होतो ते. पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या बघ."

मामा हसला. "सुई, आपण सुट्टीत कुठेही गेलेलो नाही. बाबांना सुट्टी होती कधी? स्वप्न बघितलं असशील." तो तिला लहानपणापासून सुई म्हणतो, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून.

त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. मावशीच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. कारण आमच्या आजीचा आजार असाच सुरू झाला होता. आजी एका बहिणीबद्दल बोलायला लागली होती. लाल स्वेटर घालणारी, शिट्टी वाजवणारी बहीण. सगळे कौतुकाने ऐकायचे. आजीला बहीण नव्हती हे लक्षात यायला जरा वेळ लागला. त्यानंतर एकेक करून आम्ही सगळेच तिच्या डोक्यातून निघून गेलो, आणि ती बहीण मात्र शेवटपर्यंत राहिली.

"परवा बटणांचा डबा पावाच्या डब्यात सापडला," मावशी म्हणाली. "गेल्या आठवड्यात शेजारणीला मी तिच्या आईच्या नावाने हाक मारली."

"असं माझंही होतं."

"तुझं होतं तेव्हा तू हसतेस. मी हसत नाही."

डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर म्हणाली, "ते विचारणार, लहानपणीचं काय आठवतं? मी ते तळं सांगणार. आणि ते नसलंच तर? आधी मला ते बघू दे. ते सापडेपर्यंत मी कापडाला कात्री लावणार नाही."

मी कागद-पेन्सिल पुढे केली आणि म्हटलं, जेवढं आठवतं तेवढं काढ. तिने पेन्सिल दोनदा टेकवली, उचलली. "कागदावर माझा हात चालत नाही." मग ती उठली, चिंध्यांच्या पिशवीतून अस्तराचा एक पांढरा तुकडा काढला, टेबलावर तळहाताने सपाट केला आणि खडूने आखायला लागली. ते मात्र न थांबता. मध्ये पाणी. पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला घर, घरापासून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. डाव्या हाताला टेकाड, त्यावर दगडी टाकी. टेकाडामागून वळत येणारा रस्ता. शेवटी सगळ्यात खालच्या पायरीशी तिने एक छोटं वर्तुळ काढलं.

"हे काय?"

"कडी. होडी बांधायची. मी तिच्यात हात घातला होता आणि तो अडकला होता. आईने साबण लावून काढला."

खडू पुसून जाईल म्हणून तिने सगळ्या रेघांवरून लाल दोऱ्याने धावदोरा घातला. सुई कापडातून वर येत होती, खाली जात होती. खूप दिवसांनी मी तिला काही शिवताना बघत होते.

शोधायचं काम माझ्याकडे आलं. सुट्टीच्या दिवशी मी मावशीला घेऊन निघायचे. गाडी मामाची, त्यामुळे मामाही यायचा. चालवायचे मी, तो शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचा.

पहिलं तळं बुजवून तिथे गाड्या लावायची जागा केली होती. तरी मावशीने उतरून कडेच्या इमारती पाहिल्या आणि मान हलवली. दुसरं तळं देखणं होतं, पण बांधावर ते कधी बांधलं ते कोरलेलं होतं. मामाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "सुई, हे तळं तुझ्यापेक्षा तरुण आहे गं." मावशी हसली नाही. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत राहिली. मांडीवर घडी घातलेलं अस्तर होतं, आणि तिचं बोट लाल दोऱ्यावरून फिरत होतं.

तिसरं तळं मी फोनवरच्या नकाशात बघून आधीच बाजूला टाकलं होतं. घर होतं, टाकी होती, पण मावशीने आखलेल्या जागी नव्हती. तरी काठावर टाकी आणि पाणीपुरवठा खात्याचं जुनं घर अजून उभं असलेलं तेवढं एकच तळं उरलं होतं. "एकदा बघून घेऊ," मावशी म्हणाली, "म्हणजे मनाला टोचणी नको." तिचा आवाज असा होता की मामाने त्या दिवशी रस्ताभर माझी एकही चूक काढली नाही.

तिथे पंपघराची राखण करणारी एक बाई होती. अंगात पुरुषी जाकीट, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिने फाटक उघडलं. "बघा की. बघायला काही नाही इथे. पूर्वी साहेबलोक सुट्टीला घर द्यायचे कुणाकुणाला, आता पाखरं राहतात."

आम्ही पाण्याशी जाऊन उभे राहिलो. मावशीने अस्तर उलगडून धरलं. घर डाव्या हाताला होतं. टेकाड आणि टाकी उजव्या हाताला. रस्ता भलत्याच अंगाने येत होता.

मामाने एकदा अस्तराकडे पाहिलं, एकदा समोर. डावं-उजवं हा त्याच्या आयुष्यभराच्या भाकरीचा विषय. "नाही गं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यात चेष्टा नव्हती. "सगळंच विरुद्ध आहे. चल, चहा घेऊ कुठेतरी."

"हो," मावशी म्हणाली. एवढंच.

ती अस्तराची घडी घालायला लागली. कापडाची घडी ती नेहमी सुलट बाजू आत ठेवून घालते; कशीही घाई असो, मन कुठेही असो, हात तेवढं करतातच. तिने कापड पालथं केलं. आणि तिचे हात थांबले.

धावदोरा दोन्ही अंगांनी दिसतो. मागच्या अंगाला तेच तळं होतं, तोच लाल दोरा, फक्त घर डावीकडे होतं. टाकी उजवीकडे.

"दादा," ती म्हणाली. "मी हे उलट बाजूने आखलं."

"काय?"

"अरे, कापडावर आखलं ना मी! कोटासारखं. डावा खिसा उजवीकडे." तिने ते अस्तर दोन्ही हातांनी तळ्यासमोर धरलं. पाण्यावरचा उजेड त्याच्या आरपार येत होता, आणि प्रत्येक रेघ आपल्या जागेवर जाऊन बसली होती. घर घरावर. टाकी टाकीवर. रस्तासुद्धा, टेकाडामागून वळून, आला तिथूनच आला.

आम्ही काही बोलायच्या आत ती पायऱ्या उतरायला लागली.

"सुई! शेवाळ आहे, सावकाश!" मामा मागून ओरडला आणि त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

पाण्याला लागलेल्या पायरीवर ती बसली. कोटाची बाही वर केली आणि हात पाण्यात घातला. कोपरापर्यंत. मग आणखी. तिचं तोंड आमच्याकडे होतं, पण ती आमच्याकडे बघत नव्हती. काज चाचपताना बघते तशी कुठेच बघत नव्हती. मग तिचा खांदा हलला.

"आहे," ती म्हणाली. "दादा, कडी आहे."

किल्लेवाली बाई पुढे आली. "तुम्हाला कसं माहीत हो ताई? पाणी वाढवल्यापासून ती कुणाला दिसत नाही. माझे वडील तिला होडी बांधायचे."

मावशी कडी धरून बसून राहिली. रडत होती का ते मला कळलं नाही, कारण ती हसतही होती.

मामा वरच्या पायरीवर हळूहळू टेकला. बराच वेळ त्याच्या डोक्यात काहीतरी मागे मागे जात होतं. "माझा पाय मोडला होता ती सुट्टी," तो म्हणाला. "मला काकांकडे ठेवलं होतं, प्लास्टर निघेपर्यंत. मला वाटायचं तुम्ही सगळे घरीच आहात."

"आई म्हणाली होती, दादाला सांगू नकोस, रडेल तो." मावशीचं उत्तर इतक्या झटकन आलं, की ते आपल्याला आठवलं याचं तिलाच नवल वाटलं.

"म्हणजे मी तिकडे पलंगावर पडून छत मोजत होतो, आणि तुम्ही इथे होड्यांत बसत होता?"

"होडीत नाही बसलो. माझा हात अडकला होता ना."

"बरं झालं!" मामा म्हणाला. एवढ्या वर्षांनीही तो खरोखर चिडला होता. मग त्याने खाली वाकून तिला हात दिला आणि वर ओढून घेतलं.

बाईने घर उघडून दिलं. आत पाखरांची विष्ठा, एक मोडका पलंग, फुटकी काच. मावशीने काहीच बघितलं नाही, फक्त मान वर केली. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. मामाही बघत राहिला. "हे तू सांगितलं होतंस," तो म्हणाला. तेवढीच त्याची माफी. मावशीला ती पुरली.

येताना तिठ्यावर मावशी मागून म्हणाली, "इथून डावीकडे घे." अस्तर तिच्या मांडीवरच होतं. मी उजवीकडे वळले, आणि मामाने ब्रेक दाबला नाही.

"पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन येऊ," थोड्या वेळाने ती म्हणाली. "बटणांचा डबा पावाच्या डब्यात गेलाच होता. पण आता जायला भीती नाही."

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून टेबलावर होतं. तिने अंगातला कोट काढून जावईबापूंच्या खांद्यावर टाकला. एक बाही कोपरापर्यंत ओली होती. चहा ठेव, असं मला म्हणाली आणि त्या राखाडी कापडावरची चादर काढली. टाचण्या तपासल्या, नमुना एका बाजूला जरासा सरकवला.

मी आत दूध शोधत होते. बाहेर कात्रीचा आवाज सुरू झाला. जड लोकरीतून जाणारा, लांब, न अडखळणारा. मामा दारात उभा राहून तो ऐकत होता. मी कप घेऊन आले तेव्हा त्याने तोंडावर बोट ठेवलं.

"थांब," तो हळूच म्हणाला, "तिला बाहीपर्यंत जाऊ दे."